पर्फेक्ता मॅमची गाळलेली सहावी चूक

आधी कळस मग पाया, ही खोड जगभर सारखीच. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका छोट्या कंपनीने फोनवर किनारा वसवायचा खेळ काढला, आणि नवशिके पहिल्याच दिवशी त्यात मगर सोडू लागले. गवत नाही, खेकडे नाहीत, मासा नाही; मगर मात्र हवी! मगर उपाशी मरे आणि तक्रारीचं पत्र येई.

त्या पत्रांना उत्तरं द्यायला पर्फेक्ता सुमागायसाय होत्या. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या, निवृत्तीनंतर घर खायला उठलं म्हणून इथे आलेल्या. वर्गात आवाज चढे तसा लिहितानाही चढे. 'पडलेली पानं झाडू नका, तो कचरा नव्हे, जेवण आहे.' 'काळ भरधाव पळवू नका, झाड तुमच्या सवडीनं वाढत नाही.' अशा सहा चुका त्यांनी एका पानावर मांडल्या. सहावी ठळक अक्षरात: जे उभं आहे ते तोडू नका.

ती पोटातून आली होती. त्यांच्या गावी, घरासमोरच, अकरा जुनी पागातपातची झाडं होती. थेट लाटांच्या तोंडाशी तगणारी खारफुटी. मागच्या वादळात पलीकडच्या वस्तीची छपरं उडाली. बाईंचं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा जागचं हललं नाही.

मालक केनेथ, वय सव्वीस. त्याने पान वाचलं.

"मॅम, पाच झकास आहेत. सहावी काढू या."

"का रे?"

"सगळं सपाट करून रांगेत झाडं लावायला लोकांना मजा येते. आल्या आल्या ओरडा कशाला?"

"अरे, मरतील ना ती झाडं!"

"नवशिक्यांची नाही मरणार. परवाच तशी सोय केली. तुमचीही पत्रं कमी होतील."

बाईंनी भांडायला हवं होतं. पण त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता, टेबलावर पान्सितचं, वाढदिवसाच्या शेवयांचं, ताट आलं होतं आणि सगळी पोरं "मॅम, या ना, मॅम" करत होती. किती दिवसांनी कुणी असं बोलावत होतं. "खेळच तर आहे," असं म्हणून बाईंनी पाच चुकांच्या पानाखाली आपलं नाव घातलं. त्यांचा राग येतो तो इथे. अज्ञानाला क्षमा असते. बाईंना सगळं ठाऊक होतं.

मे महिन्यात त्या सुट्टीवर गावी गेल्या. घरासमोर अकरा बुंधे होते. पुढे चिखलात बाखावच्या काड्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. बाखाव हीही खारफुटीच; तिची लांबट शेंग चिखलात खोचली की लागली. म्हणून आमच्याकडे वृक्षारोपण म्हटलं की बाखावच. पण तिला खाडीचं निवांत पाणी लागतं.

गावचा कापितान, म्हणजे सरपंच, विल्मर, बाईंचाच विद्यार्थी, हसत पुढे आला.

"विल्मर, कुणी तोडली रे माझी झाडं?"

"मीच, मॅम. वेडीवाकडी होती, रांग बसेना. त्यांच्या बदल्यात दोन हजार लावलीत!"

"मेल्या, लाटेच्या तोंडावर बाखाव? जूनचा वारा सुटला की एक काडी राहायची नाही."

"असं कसं? तुमच्या खेळात एकही मेलं नाही. तीन महिने खेळलो, मगच इथे हात घातला." त्याने फोन पुढे केला. "आणि खाली तुमचं नाव बघून ते पान तर पाठच केलं." वर्गात म्हणायचा तसं बोटांवर मोजत त्याने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाचव्या बोटाला थांबला. "उभं आहे ते तोडू नका, असं कुठं होतं, मॅम?"

चौतीस वर्षांत खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

"लिहायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "विसरले मी."

"असू द्या, मॅम," विल्मर मायेने म्हणाला, "या वयात होतं असं," आणि त्याने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली.