चाळीस माणसांचा एक फोन

पुण्यात मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायचे. हे नेमकं काय काम, ते आमच्या बंजारा तांड्यावर मला कधीच समजावता आलं नाही. याडीला, म्हणजे माझ्या आईला, एवढंच ठाऊक होतं की पोरगी खुर्चीवर बसून लिहिते आणि खोलीत एकटी राहते. दुसरी गोष्ट तिला जास्त खटकायची. मलाही.

दर रविवारी सकाळी मी एसटीडी बूथवरून हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडच्या फाट्यावरच्या किराणा दुकानात फोन लावायचे. सगळ्या तांड्याचा तोच पी.पी. नंबर, अर्जावर तोच, लग्नपत्रिकेवर तोच. दुकानदारकाका म्हणायचे, "पंधरा मिन्टानं लाव पोरी, हाक मारतो." तांडा दुकानामागच्या चढावरच होता. पुन्हा लावला की याडीचा आवाज यायचा आणि तिच्यामागून सामान घ्यायला आलेल्या बायांचा: कशी हाय, जेवती का, कवा येऊन राहिली. आठवड्यातली तेवढी दहा मिनिटं मी कुणाची तरी असायचे.

त्याच सुमारास मला एक पान लिहायला दिलं गेलं: रिलेशनल आणि ऑब्जेक्ट-रिलेशनल डेटाबेसमधला फरक. मी लिहिलं की रिलेशनलमध्ये तक्त्याच्या एका खणात एकच साधी गोष्ट मावते: नाव, आकडा, तारीख. म्हणून माणसं एका तक्त्यात, फोन दुसऱ्या तक्त्यात, आणि दोघांना जोडणारा एक क्रमांक. ऑब्जेक्ट-रिलेशनलमध्ये तक्ते असतातच, पण खणात आपण घडवलेला प्रकारही बसतो; माणसाच्या ओळीतच त्याच्या फोनांची अख्खी यादी ठेवता येते. उदाहरणात चाळीस माणसं घेतली आणि फोन एक. नंबर बदलला तर रिलेशनलमध्ये एकाच जागी बदलायचा. यादी प्रत्येकाच्या ओळीत ठेवली तर चाळीस ठिकाणी.

आमच्या वरिष्ठ बाईंनी पानावर लाल रेघ मारली. "उदाहरण उलटं झालंय. चाळीस जणांचा एक फोन कुठे असतो? एका माणसाचे तीन फोन घ्या. घर, ऑफिस, मोबाइल."

कुठे असतो! माझं डोकंच फिरलं. पण तोंडातून "बरं" एवढंच निघालं. मी माणूस बदलला, त्याला तीन फोन दिले, ते त्याच्या ओळीत बसवले. पान एका फटक्यात मंजूर झालं. बाई म्हणाल्या, आता कसं स्वच्छ कळतं.

ती लाल रेघ मात्र मनातून जाईना. होळीला गेले तेव्हा याडीसाठी मोबाइल नेला. तिचा स्वतःचा नंबर, कुणाची हाक नको की वाट बघणं नको. मी फार खुशीत होते.

मग रविवारी थेट तिलाच फोन लागू लागला. "बरं हाय. तू?" "मीबी बरी." दोन मिनिटांत आमचं संपायचं.

दिवाळीला हिंगोलीहून एसटीनं फाट्यावर उतरले, तर दुकानातली एक बाई म्हणाली, "कुठं असतीस गं? लई दिस झाले, तुझा फोन न्हाई." घरी याडीला विचारलं तेव्हा ती गोरमाटीत, आमच्या बोलीत, जे बोलली ते मराठीत असं: "दुकानात फोन यायचा तवा सारा तांडा तुला इचारायचा. रस्ताभर मी तुझंच सांगत यायची. आता माह्या एकटीच्या कानात येतो अन् तितंच राहतो."

माझं एकटेपण मी तिलाही नेऊन दिलं होतं, वर चार्जरसकट.

पुण्याला परतल्यावर रविवारी दुकानाचाच नंबर लावला. "काहून गं, याडीचा मोबाइल बिघडला का?" काकांनी विचारलं.

"न्हाई काका, चालू हाय. तुमी हाक मारा."

पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला. याडी अजून चढ उतरत होती. फोन दुसऱ्याच कुणा बाईनं उचलला. "तांड्यावरची पोरगी का? जेवलीस का माय?"

पलीकडे ती बाई चढाकडे ओरडून याडीला सांगत होती, "तिचाच हाय. रडून राहिली. चल लवकर."