नोरावहिनींचा सभासदत्वाचा अर्ज

नोरावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीत दुधाच्या कॅनची झाकणं घेत उभा होतो. खरं सांगतो, आधी रागच आला. या बाईनं एक गोष्ट कधी माझ्या सोयीनं केली नाही. दोन दिवसांपूर्वीच तर दवाखान्यात भेटून आलो होतो. नाकात नळी, आवाज बसलेला, तरी मला बघताच बोटानं हवेत सही केल्यासारखं केलं. मला कळलं काय ते. म्हणालो, "वहिनी, आधी बऱ्या व्हा, मग बघू." त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ती आमची शेवटची भेट... त्याला आता सात आठवडे झाले.

मलकापूर रस्त्यालगतच्या आमच्या गावात त्या आल्या चाळीसेक वर्षांपूर्वी. माझा बालमित्र वसंता गुरांचा डॉक्टर. पुढचं शिकायला आयर्लंडला गेला आणि तिथल्या एका गाईवाल्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करून तिला घेऊनच परतला. गाव बघायला लोटलं. आणि महिन्याभरात ही बाई आमच्या गोठ्यात शिरून माझ्या आईला सांगतेय, कास कोमट पाण्यानं धुवा, पहिल्या चार धारा वेगळ्या वाटीत काढून बघा, गुठळी दिसली तर ते दूध डेअरीला घालू नका. आई भडकली. "माझी हयात म्हशीत गेली, आन् ही कोण मला शिकिवणार?" पण त्याच साली घरोघरी दगडी आली, म्हशींच्या कासा सुजून टणक झाल्या, आणि वसंताच्या दावणीला मात्र काही झालं नाही. मग आईच मुकाट्यानं वाटी घेऊन बसायला लागली. तिचं बघून गल्ली, गल्लीचं बघून गाव. आमच्या गावचं दूध आज नासकं म्हणून परत येत नाही, ते त्या वाटीमुळं. हे मी भाषणात पंचवीस वेळा तरी बोललोय.

भाषणात बोललोय, तिथंच तर सगळं नडलं. गावच्या दूध संस्थेचा मी सेक्रेटरी. दरवर्षी वार्षिक सभेला नोरावहिनींना मी व्यासपीठावर बसवायचो. फेटा, शाल, नारळ, टाळ्या. फेट्याखाली त्यांचं तोंड लालबुंद व्हायचं, लोकांना वाटायचं उकाड्यानं. वसंता गेला, म्हशी त्यांच्या नावावर झाल्या, रोज सकाळी कॅन घेऊन त्या स्वतः रांगेत उभ्या राहायला लागल्या, आणि एक दिवस सभासदत्वाचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. सोबत भारताच्या नागरिकत्वाचा कागद. तोही कैक वर्षांपूर्वीचा, नीट प्लास्टिकमध्ये घातलेला.

चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी, उगं कशाला. लोक हरकत घेतील." मला पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. ही बाई सभासद झाली तर सभेत उठून विचारणार, कॅन धुण्याचं पाणी गरम का नाही, दुधाचा नमुना तपासायला सगळ्यांदेखत का काढत नाही. पाहुण्यानं पाच मिनिटं बोलायचं असतं, प्रश्न विचारायचे नसतात. अर्ज मी ड्रॉवरमध्ये सरकवला आणि त्या वर्षी शाल जरा भारीतली घेतली.

कुठं भेटल्या की एकच धोशा. "भावजी, माझ्या अर्जाचं काय केलंसा?"

"वहिनी, तुमी मान्यवर. तुमाला वर बसवतोय की."

"मला वर न्हाय बसायचं. खाली सतरंजीवर बसायचंय."

एकदा वैतागून म्हणालो, एवढा काय हट्ट तो? तेव्हा संस्थेच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या आयर्लंडमधल्या गावात भुकेपायी घरंच्या घरं रिकामी झाली होती. आजोबांचे भाऊ अमेरिकेला गेले, मामा ऑस्ट्रेलियाला. जाणाऱ्याला मेलेल्यासारखा निरोप द्यायचे, कारण तो परत यायचा नाही. तिकडं त्यांनी रस्ते केले, रूळ टाकले, शिव्या खाल्ल्या, मारामाऱ्या केल्या, पण म्हातारपणी ते तिथलेच होते. "मलाच असलं गाव मिळालं," त्या म्हणाल्या, "हितं कुणी शिवी देत न्हाय, पर पावणचार काय संपत न्हाय." मी हसलो. कपाळ माझं... मला तो गावाचा मोठेपणाच वाटला.

अकरा वर्षं तो अर्ज ड्रॉवरमध्ये राहिला. त्यांच्यावर चिडायचो तेव्हा खरं तर त्या ड्रॉवरवर चिडायचो, हे आता कळतंय. कळून उपयोग काय? मेलेल्या माणसाला सभासद करून घेता येत नाही, नियम मलाच तोंडपाठ.

गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. पहिला विषय नेहमीचा, वर्षभरात वारलेल्या सभासदांना श्रद्धांजली. आधी सभासद, मग मान्यवर आणि हितचिंतक, अशी यादी मीच वाचतो. सभासदांची सहा नावं वाचली आणि सातवं वाचलं, नोरा वसंतराव पाटील. चेअरमननी माझा सदरा ओढला. "त्या मान्यवरांत हायत." मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, यांचा अर्ज अकरा वर्षं माझ्याकडं पडून आहे, आज मी त्यांचं नाव सभासदांत वाचतोय, कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा.

सतरंजीवर दीड-दोनशे माणसं होती. कुणीही हात वर केला नाही. मागून एक म्हातारा तेवढा म्हणाला, "हरकत कसली? आमाला वाटलं, त्या हायतच."

अकरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.