शमशुद्दीनचा तांब्या

सरकतं काचेचं दार बसवून झालं की शमशुद्दीन खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओततो. ते बाहेर गेलेलं स्वतः बघितल्याशिवाय हत्यारं आवरत नाही. पंचवीस वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय आणि तांब्या त्यानं कुणासाठी चुकवला नाही. माझ्यासाठी चुकवला.

फुलेवाडीतल्या आमच्या नव्या घरात पाऊस लागल्यापासून त्यानं बसवलेल्या दाराशी रोज सकाळी पाणी साचायचं. माझी बायको रूपाली म्हणायची, काचेला घाम येतो. आम्ही हसायचो. ऑगस्टमध्ये आक्का, म्हणजे माझी आई, तिथंच घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सुनेनं लादी मुद्दाम ओली ठेवली, हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. माझे थोरले भाऊ आण्णा तिला कायमचं न्यायला पेठ वडगावहून आले. त्या सकाळी रूपालीनं मला न विचारता शमशुद्दीनला बोलावलं.

बाहेर आण्णांच्या गाडीत आक्काची बॅग चढली होती. आत शमशुद्दीन काचेवरून हात फिरवत होता.

"बाहेरनं थेंब न्हाय आलेला," तो म्हणाला. "ओले कपडे हितंच वाळत घालताय, वरची हवेची जाळीबी बंद. ती वाफ गार काचंवर बसती आन पाणी हून पट्टीत उतरती. तिथनं ते भायेर जायला पायजे."

"मग जात का न्हाय?" आण्णांनी विचारलं.

शमशुद्दीननं पट्टीत बोट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. त्याचा चेहरा उतरला.

"पाणी जायची भोकंच पाडायची ऱ्हायल्यात. चूक माझी हाय, आक्का. सूनबाईंचा काय दोष न्हाय."

आण्णा त्याच्या अंगावर धावूनच गेले. गावात तुला कोण काम देतंय बघतो, म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. वास्तुशांतीची सकाळ मला लख्ख आठवत होती. भटजी पाटावर बसलेले, शमशुद्दीन तांब्या घेऊन उभा, आणि मी खेकसलो होतो, "लादी आत्ता पुसलीया, पाणी नको वतू. नीघ." तांब्या ओतला असता तर चूक तिथल्या तिथं कळली असती.

त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला त्याचा राग आला. तो बोलला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

"आण्णा, सोडा त्याला," मी म्हणालो. "त्यो तांब्या वतणारच हुता. मी हाकलला त्याला."

शमशुद्दीननं बाहेरच्या बाजूनं तीन भोकं पाडली आणि तांब्या मागितला. रूपालीनं तो भरून आणला आणि माझ्या हातात दिला. मी ओतला. पाणी सरळ बाहेर अंगणात गेलं. आक्का बराच वेळ तिकडे बघत होती.

"बॅग उतीर खाली," ती आण्णांना म्हणाली.

रूपाली दोरीवरचे ओले कपडे काढून मागच्या पडवीत न्यायला लागली. मी हात लावायला गेलो तर तिनं ते माझ्याकडून काढून घेतले.

"दोन महिने ही लादी मी एकटीच पुसत हुते," ती म्हणाली.