काकूंनी मळलेले रोट

आमच्या घरात टीव्हीसमोर रडायला कुणाची ना नसते. त्या शनिवारीही आम्ही सगळे मनसोक्त रडलो.

दुसऱ्या दिवशी घरात कानबाई, आम्हा खानदेशातल्यांची श्रावणातली देवी, बसणार होती, म्हणून सुरत, नाशिक, भुसावळ असे सगळीकडचे भाऊबंद अमळनेरला आमच्या घरी जमले होते. दुपारची जेवणं आटोपली आणि माझ्या लेकीने टीव्हीवर एक सिनेमा लावला. एड्स नुकताच आला होता आणि औषध नव्हतं, त्या काळातला. एका तरुणाला तो रोग होतो. दवाखान्यातली बाई त्याचं ताट दारातूनच पायाने आत सरकवते. सख्खा भाऊ खिडकीबाहेर उभा राहून बोलतो. ताटाचा प्रसंग आला तशी माझ्या जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माणसं इतकी कशी दगडाची?" असं मी म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काकू उंबऱ्यापाशी बसून फुलांच्या माळा करत होत्या. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. ते याच रोगाने गेले, पण घरात अजूनही टीबीच म्हणतात. काकूंनाही तो सिनेमातलाच रोग आहे. रोज गोळी घेतात आणि आमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. अमळनेरात कुणी ओळखीचं बघेल म्हणून गोळ्या आणायला एसटीने धुळ्याला जातात. त्यांचं ताट आणि पेला मागच्या खोलीच्या खिडकीत वेगळे असतात. स्वयंपाकाला त्यांचा हात लागत नाही. असा नियम कुणी केलेला नाही. त्या अंगण झाडतात, माळा करतात, आणि आलेल्या-गेलेल्यांना आम्ही कौतुकाने सांगतो, काकूंना मेलं स्वस्थ बसवतच नाही.

आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. सोबत जेवल्याने हा रोग होत नाही, हे वाक्य दरवर्षी पोरांकडून घोकून घेते.

"तो पोऱ्या वाचस का?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"नाही, आजी," माझी लेक म्हणाली.

सिनेमा संपला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. अशा वेळी माझी जीभ फार सैल सुटते. "काकू, उद्या रोटांचं पीठ तुम्ही मळायचं," मी भर बैठकीत जाहीर केलं. कानबाईचे रोट म्हणजे आमच्याकडे साधं पक्वान्न नव्हे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढून ते दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

काकूंच्या हातातली माळ थांबली. "बठ्ठासले चाली का?"

"सगळ्यांना न चालायला काय झालं?" मी म्हणाले. बाकीचे टीव्हीकडेच बघत राहिले. टीव्ही तर बंद होता.

रविवारी काकू नवं लुगडं नेसून स्वयंपाकघरात आल्या. कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. लग्न होऊन आल्यावर सासूने कसं मळायला शिकवलं ते सांगत राहिल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी बाजूला उभी राहून स्वतःवर खूश होते. डब्यातलं अर्धंच पीठ त्यांच्या परातीत आलंय, हे मला दिसलं होतं. उरलेलं जाऊबाईंनी परसातल्या चुलीकडे नेलं होतं. ते का नेलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

संध्याकाळी कानबाईची पूजा झाली आणि पंगत बसली. गंगाफळाची भाजी, खीर आणि रोटांच्या दोन पराती. कोणती परात कुणाची, हे पोरासोरांनासुद्धा कसं कोण जाणे ठाऊक होतं. प्रत्येक हात एकाच परातीकडे जात होता. मी लेकीला वाढायला उठले. वाटलं, आता मी दाखवून देते. आणि माझा हात जाऊबाईंच्या परातीकडे गेला. लेकीला त्यातला वाढला, स्वतःलाही त्यातलाच घेतला. समोर काकू आपल्या वेगळ्या ताटात आपलाच रोट खात होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर खाली केली. त्यांनाच माझी लाज वाटली असावी. मला तेव्हा नुसतं भूक मेल्यासारखं झालं.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले, माझी शाळा सुरू झाली. काकूंची परात स्वयंपाकघरात दिसेना. मी ती शोधलीही नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शाळेतून आले आणि पाट काढायला मागच्या खोलीत गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक कडक झालेला रोट पेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडवून चघळत होत्या. शेजारी परात होती, आणि तिच्यात एकच रोट उरला होता.

"काकू, सगळे तुम्ही एकट्यांनी खाल्ले?"

"बाहेर देता येस नही, टाकता येस नही," त्या म्हणाल्या. "मंग खावाच पडस." आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तशीच त्यांच्यासमोर खाली बसले. मान वर करवत नव्हती. "मला द्या त्यातला," कसंबसं म्हणाले.

"हाऊ शेवटना शे, बेटा. वाळी गया." तरी मी हात पुढे केलेलाच ठेवला.

मग त्यांनी तो रोट गुडघ्यावर दाबून मोडला. अर्धा तुकडा उचलला आणि माझ्या तळहातावर वरूनच सोडला, बोटाला बोट लागू न देता.