डालगं मी उचललं

माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, कोंबडीची पिल्लं माझ्यामुळं मेली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटलीय. गप्प राहायची सवय अंगात मुरली की माणसाला लोक शांत म्हणतात, तसं मलाही म्हणतात.

नव्वदनंतरची गोष्ट. आमचं गाव कडेगावजवळ. आक्काला जत तालुक्यात दिली होती. एकदा माहेरी आली ती परत जायचं नाव काढेना. तिकडं तिला का राहवत नव्हतं हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. आईनं तिच्या बांगड्या मागं सारून मनगट बघितलं आणि बांगड्या परत पुढं ओढल्या, एवढंच.

शेवटी आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "पिल्लांचा धंदा करतो म्हणतीस न्हवं? कर. ही पिल्लं मोठी हून बाजारात गेली तर ऱ्हा. न्हाईतर गप आपल्या घरी जायचं."

आक्कानं गोठ्याशेजारची कडब्याची खोली रिकामी केली. खाली भाताचा तूस पसरला, पत्र्याचं गोल कुंपण केलं, मधोमध बल्ब टांगला. भोकं पाडलेल्या खोक्यांतून पिल्लं आली तेव्हा वहिनी दारातून म्हणाली, "वन्सं, बाळंतिणीची खोली लय झाक सजवलीसा. बारसं कवा?"

"मामी तुमी. झबली तुमालाच शिवाय लागत्यात सगळ्यांस्नी," आक्का म्हणाली. ती घरी आल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पिल्लांना पिसं फुटायला लागली आणि टोचाटोची सुरू झाली. एकाच्या शेपटीपाशी लाल ठिपका दिसला की दुसरं तिथंच चोच मारायचं, मग तिसरं. पिल्लं विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं, खोली अंधारी ठेवा, लाल काही दिसू देऊ नका, जखमी झालेलं लगेच बाजूला काढा. मीही तेव्हा तिथंच उभा होतो. आक्कानं खिडकीला पोतं लावलं. बल्बला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला, म्हणजे त्या उजेडात रक्त वेगळं दिसू नये. चोचींना उद्योग म्हणून लसूणघासाची जुडी टांगली. जखमांचा लाल रंग झाकायला ती तव्याखालची काजळी खोबरेलात कालवून लावायची, आणि तसली पिल्लं कोपऱ्यात डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली, ठेवायची. वर दगड.

मी तेव्हा कोरेगावला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. सुट्टीला घरी यायचो. त्या रविवारी भावकीत लग्न होतं. आईनं आक्काला बळंच तयार केलं, "तोंड दाखवून ये, मग बस पिल्लांपाशी." जाताना आक्का मला म्हणाली, "डालग्याला हात लावू नगंस. पोतं काढू नगंस. बास."

"व्हय गं. मी काय कुक्कुलं बाळ हाय?"

डालग्याखालची पिल्लं एकसारखी ओरडत होती. मला ते ऐकवेना. नीट दिसावं म्हणून मी पोतं काढलं, डालगं उचललं. त्यांच्या जखमांवरची काजळी मला घाण वाटली. दवाखान्यात दिवसभर जखमा पुसायचा हात माझा. कापसानं काजळी पुसली आणि पिशवीतलं लाल औषध लावलं. लाल म्हणजे रक्त, एवढंच माझ्या डोक्यात होतं. औषधही लालच आहे हे सुचलंच नाही. पिल्लं स्वच्छ दिसायला लागली. तरी ओरडणं थांबेना. आपल्यांत गेली की गप्प होतील, असं म्हणून मी ती कुंपणात सोडली. खरंच गप्प झाली. शिवाय शेजारी टीव्हीवर मॅच लागली होती, मला तिकडं जायचं होतं. हे दुसरं कारण मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही.

परत आलो तेव्हा खिडकीतून ऊन थेट आत पडलं होतं. लाल लावलेली पिल्लं संपली होती. त्यांना टोचणाऱ्यांच्या चोचींना औषध लागलं होतं, चोचींवरून ते एकमेकांच्या अंगाला, आणि जिथं लाल दिसेल तिथं बाकीची तुटून पडत होती. मी हातांनी बाजूला करत राहिलो. कुठल्या कुठल्याला करणार?

मग मी जे केलं ते जास्त वाईट. पोतं परत लावलं. औषधाची बाटली उसात भिरकावली. आणि कुत्र्यानं पाडल्यासारखं दिसावं म्हणून डालगं कलंडून ठेवलं.

आक्का आली ती लग्नाच्या साडीतच तुसावर बसली. आबा ओट्यावरून ओरडले, "डालग्यावर दगड ठेवला हुतास का न्हाई?"

दगड भिंतीकडेला होता. मी काढून नीट टेकवून ठेवलेला. कुत्रा काही दगड असा ठेवत नाही. आक्कानं दगडाकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. नखांत लाल राहिलं होतं.

"न्हाई ठेवला आबा. घाईत ऱ्हायला."

"पिल्लं सांभाळंनात हिला, संसार काय सांभाळनार!"

एरवी जिचं तोंड मिटायचं नाही ती वहिनी नुसती आत आली, आक्काच्या साडीचा पदर उचलून तूस झाडला, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मी दारातच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. आबांनी मला शिव्या घातल्या असत्या, एखादी थोबाडीत दिली असती, आणि आक्का राहिली असती.

उरलेल्या पिल्लांना तिनं परत काजळी लावली. पिल्लू मी धरायचं, तिनं लावायची.

त्याच आठवड्यात आबांनी तिला जतच्या एसटीत बसवलं. खिडकीतून ती मला म्हणाली, "उरल्याली वहिनीकडं दे. आन पोतं काढू नगंस."

तिकडं तिचे हाल झाले. किती, ते तिनं कधी पुरतं सांगितलं नाही. आबा गेले, त्यांनाही मी बोललो नाही. तिला माहीतच आहे, मग सांगायचं काय, अशी माझी समजूत मीच घातली. पण माहीत एकटीला, आणि सोसलंही एकटीनंच. अजून दिवाळीला सगळे जमले की कुणीतरी म्हणतं, आक्काच्या हाताला पिल्लं लाभली नाहीत बघा. सगळे हसतात. तीही हसते. मी ताटात बघतो.

तिला एकटीला गाठून माफी मागितली तर ती "जाऊ दे रं" म्हणेल आणि मी सुटेन. तेवढं पुरत नाही. तिच्यावर आळ सगळ्यांसमोर आला होता. डालगं मी उचललं आणि कलंडून ठेवलं तेही मीच, हे मला तिच्यादेखत, वहिनीसमोर, घरातल्या पोरासोरांसमोर बोलायचं आहे. ते मी अजून बोललेलो नाही. एवढं मी आक्काचं देणं लागतो.