संताच्या हातात पेणची पळी

तुमच्या हॉलच्या भिंतीवर जे काही टांगलंय, ते कोणाच्या हातचं आहे हे तुम्ही कधी विचारलंत का? किंमत विचारली असेल. कुठल्या देशातलं आहे तेही विचारलं असेल, कारण पाहुण्यांना सांगायला लागतं. पण हात कोणाचा? नसेल विचारलं, तर विश्राम म्हात्रेची गोष्ट वाचा. पुरी वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे काम आहे.

विश्राम पेणजवळच्या हमरापूरचा. घरात तीन पिढ्या गणपतीचा कारखाना. कारखान्यात माती मळणारे, साचे भरणारे, अंगाला रंग मारणारे पुष्कळ असतात, पण डोळ्यांची आखणी करणारा एखादाच. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि हात हलला तर मूर्ती वाया. विश्राम अठराव्या वर्षापासून आखणी करायचा.

२००८च्या फेब्रुवारीत तो विद्यार्थी व्हिसावर मेलबर्नला आला. त्या वर्षी इथल्या विमानतळावर आपली पोरं हंगामात आंबा उतरावा तशी उतरत होती, पेट्यांवर पेट्या. पनवेलच्या एजंटाने त्याला विचारलं होतं, "हेअरड्रेसिंग की कुकरी?"

विश्राम म्हणाला, "मी गणपती करतो."

"मग कुकरी घे. हाताला वळण आहे तुझ्या."

त्याचं कॉलेज डँडेनॉन्गमध्ये गालिच्यांच्या दुकानावर होतं. एका वर्गात बावीस विद्यार्थी आणि एक शेगडी. शेगडी पेटवायची पाळी आठवड्याने यायची. प्रमाणपत्रावर मात्र फ्रेंच सॉसची नावं छापलेली. नोव्हेंबर २००९मध्ये पोरं सकाळी वर गेली तर दाराला कुलूप आणि काचेवर चिकटवलेला एक कागद. खाली गालिचेवाला म्हणाला, "सॉरी मेट." त्या दिवशी दुसरं कोणी एवढंही बोललं नाही.

आमचा विद्यार्थ्यांसाठीचा मदत-फोन म्हणजे फॉस्टर स्ट्रीटवरच्या एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीतला एक मोबाइल. त्या आठवड्यात तो तापून बंद पडायचा. सगळी पोरं एकच विचारायची, आता व्हिसाचं काय? विश्राम स्वतः चालत आला. खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मी काम करतो. पण कोणाला सांगता येत नाही."

आम्हाला वाटलं, झालं, कुठल्या तरी भानगडीत अडकला. तो म्हणाला, "संत रंगवतो."

हे कसं झालं ते सांगते. शिकताना तो ओकलीतल्या एका ग्रीक क्लबाच्या किचनमध्ये बटाटे सोलायचा. क्लबाच्या भिंतीवर एका संताचं लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र होतं, धुराने काळवंडलेलं. एके दुपारी एक म्हातारा स्टुलावर बसून ते चित्र दुरुस्त करत होता. त्याचा उजवा हात थरथरत होता. विश्राम बादली घेऊन चालला होता, तो थांबला. म्हाताऱ्याचा ब्रश संताच्या पापणीवर टेकला की रेघ नाचायची.

"काका, रेघ हलतेय," विश्राम मराठीतच म्हणाला. मग हात पुसले, ब्रश घेतला, श्वास धरला आणि पापणी एका दमात ओढली.

म्हाताऱ्याने वाकून पापणी पाहिली. "तू कोण?"

"कुक."

"नाहीस," म्हातारा म्हणाला.

त्याचं नाव थानासिस. सगळे त्याला बार्बा थानासी म्हणतात. ग्रीकमध्ये बार्बा म्हणजे काका. साठच्या दशकात बोटीने आला, तीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात राबला, आणि रिटायर झाल्यावर गॅरेजमधून मोटार बाहेर काढून तिथे संत रंगवायला लागला. त्याच्याकडे मागणी मुख्यतः एकाच संताला, पांतेलेइमोनला. हा संत डॉक्टर होता आणि रोग्याकडून फी घेत नसे. आपल्या डॉक्टर मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्याच्या डाव्या हातात औषधांची पेटी, उजव्या हातात छोटा चमचा. ऑपरेशनच्या आधी, बाळंतपणाच्या आधी, कोणाला साखर निघाली की ग्रीक बायका बार्बाकडे येतात, रोग्याचं नाव सांगतात आणि चित्र करून घेतात. घरी त्याच्यासमोर दिवा लावतात. बार्बा चित्र हातात घेतल्यापासून ते पुरं होईपर्यंत उपास करतो. मांस नाही, दूध नाही, तेलसुद्धा नाही. बायका पैसे देतात ते हाताचे आणि उपासाचेही.

हात गेला होता. उपास शिल्लक होता. म्हणून विश्राम.

दोन वर्षं त्या गॅरेजमधून बाहेर पडलेला प्रत्येक संत विश्रामने रंगवला. आधी त्याला जड गेलं. रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवायचा म्हटल्यावर तो उठून बाहेर गेला. "बार्बा, देवाला अंडं?"

"तुमचा देव कशाचा?"

"मातीचा."

"माती कोणी पायाखाली मळली?"

विश्राम परत आत आला. मग त्याला दुसरं उलटं वाटलं. हमरापुरात अंगाचा रंग आधी उजळ मारतात आणि गडद रेघा शेवटी. इथे चेहरा आधी काळपट हिरवा करायचा आणि त्यातून एकेक थर उजेड वर काढायचा. दोन महिने त्याचे संत कावीळ झाल्यासारखे दिसायचे. मग जमलं. डोळे तर असे जमले की बायका म्हणायला लागल्या, थानासी म्हातारपणी सुधारला.

चूक एकच झाली, आणि ती आपल्याच माणसाकडून व्हावी अशी. बार्बाच्या जुन्या आराखड्याच्या कागदावर चमच्याची जागा झिजून गेली होती. विश्रामने विचारलं, "चमचा कसला?" बार्बा म्हणाला, "छोटा. पवित्र औषध द्यायचा." हमरापूरच्या माणसाला पवित्र औषध द्यायचा छोटा चमचा एकच ठाऊक, तीर्थाची पळी. त्याने संताच्या हातात पळी दिली. लांब देठाची, आणि देठाच्या टोकाला नागाचा फणा, त्याच्या आजीच्या पंचपात्रातल्यासारखा. बार्बाने पाहिलं आणि हरकत घेतली नाही. त्याला वाटलं पोराने संताचं चरित्र वाचलंय, कारण साप चावून मेलेल्या एका मुलाला या संताने उठवलं होतं. पोराने काही वाचलं नव्हतं. पण तेव्हापासून प्रत्येक संताच्या हातात हमरापूरची पळी.

आता अडचण बघा. व्हिसासाठी विश्रामला मालकाचं पत्र हवं होतं, की हा माणूस कसबी चित्रकार आहे आणि माझं काम याच्यावाचून अडेल. पत्र बार्बा देऊ शकत होता. पण पत्र दिलं की दोन वर्षं बायकांना काय विकलं तेही कबूल करावं लागणार. एका हिंदू पोराच्या हातचा संत. बार्बा म्हणायचा, "उद्या." चार महिने त्याचा उद्या चालला.

म्हणून आम्ही म्हटलं, निदान आपल्या लोकांचं एक पाठिंब्याचं पत्र जोडू. पूर्व उपनगर मराठी स्नेहमंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र करंदीकर, आयटीत मोठे, ग्लेन वेव्हर्लीत घर. हे तेच मंडळ ज्याने आदल्या वर्षी, पोरांना स्टेशनांवर मार पडत होता तेव्हा, ईमेल काढला होता की विद्यार्थ्यांनी ट्रेनमध्ये मराठीत मोठ्याने बोलू नये. मार पोरांनी खायचा आणि आवाज कमी करायचा तोही पोरांनीच.

जुलैच्या एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, आम्ही त्यांच्याकडे गेलो. विश्राम बाहेर गाडीतच बसला. हेमचंद्ररावांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"तुमची तळमळ समजते हो," ते म्हणाले. "पण मंडळ या भानगडीत नाही पडत. आम्ही इथे स्किल्ड म्हणून आलो. ही मुलं मागच्या दाराने येतात, आणि नाव आपलं खराब होतं."

"तो पेणचा आखणीवाला आहे."

"पेणबद्दल मला सांगू नका. आमचा यंदाचा गणपती खास पेणहून मागवलाय. क्वारंटाइनवाल्यांनी तीन दिवसांत सोडला, नो वरीज."

म्हणजे पेणची मूर्ती तीन दिवसांत आत. पेणचा माणूस मागच्या दाराचा.

उठायला लागलो तर त्यांनी आग्रहाने थांबवलं, भिंत दाखवायला. त्यांच्या अँजिओप्लास्टीनंतर ऑफिसातल्या ग्रीक बॉसने दिलेली भेट. सोनेरी पार्श्वभूमी, मोठे शांत डोळे.

"अस्सल बायझंटाइन. हाताने केलेलं. ही डोळ्यांची रेघ पाहा. आपल्या लोकांकडे हा पेशन्स नाही."

त्यांच्या पत्नी शैलाताई चहा घेऊन आल्या. त्या स्वतः डॉक्टर. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "मला रोज वाटतं, याच्या हातात आपली पळी आहे."

"काहीतरीच."

"अहो, फणा बघा ना. आपल्या देव्हाऱ्यात अशीच आहे. आणू का?"

त्यांनी आणलीच. चित्राशेजारी धरली. हेमचंद्ररावांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. माझ्या तोंडावर विश्रामचं नाव आलं होतं, पण त्याने शपथ घातली होती, बार्बाला उघडं पाडायचं नाही. गिळलं. असं गिळायची मला सवय नाही.

"म्हणजे डुप्लिकेट," हेमचंद्रराव शेवटी म्हणाले. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली तेव्हाही या माणसाचा चेहरा एवढा पडला नसेल.

पुढच्या शनिवारी हेमचंद्रराव बॉसकडून पत्ता घेऊन, चित्र पिशवीत घालून बार्बाच्या गॅरेजवर हजर. संताचा सण २७ जुलैला, त्यामुळे ऑर्डर न्यायला आलेल्या बायकांची रांग फुटपाथपर्यंत. विश्राम मागे पेट्या बांधत होता आणि मी त्याला मदत करत होते. हेमचंद्ररावांनी रांग सोडून पुढे जाऊन सगळ्यांसमोर विचारलं, "हे अस्सल ग्रीक आहे का? कारण या संताच्या हातात इंडियन चमचा आहे."

मग बायकांनी आपापल्या चित्रावरचा कागद उलगडून आपापल्या संताचा चमचा पाहिला.

बार्बाने चित्र हातात घेतलं. हात थरथरत होता, चित्रही थरथरत होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, म्हातारा आता दार लावून घेणार, आणि विश्रामचं तिकीट परतीचं.

"विश्राम, इकडे ये," बार्बा म्हणाला. विश्राम सुतळी हातात घेऊनच आला. बार्बाने त्याचा पंजा धरून वर केला. "रंगवलं याने. दोन वर्षांतलं सगळं. उपास मी केला."

हेमचंद्ररावांनी विश्रामकडे पाहिलं. "तू कुठला?"

"पेणचा. तुमचा गणपती आमच्याच गल्लीतला असंल, दादा. डोळे बघून सांगतो."

हेमचंद्ररावांना पार्किंगची वेळ संपल्याचं आठवलं. चित्र मात्र त्यांनी टेबलावर ठेवलं नाही, पिशवीत घालून नेलं.

बायकांत कल्लोळ झाला. काही म्हणाल्या पाप आहे, काही म्हणाल्या पाद्र्यांना विचारू. सात जणींनी चित्रं तिथल्या तिथे परत केली. स्ताव्रूला नावाची एक म्हातारी पुढे आली, काठी आपटली आणि म्हणाली, "दोन वर्षं मी याच्यासमोर दिवा लावते, माझी साखर उतरलीय. आता काय, परत चढवू?" तिच्यामागे उरलेल्या अकरा जणींनी आपापली चित्रं उचलली. पाद्र्यांनी नंतर सांगितलं, प्रश्न गंभीर आहे, वरिष्ठांना लिहितो. अजून लिहितायत. धर्म कुठलाही असो, ऑफिस सारखंच.

त्याच संध्याकाळी बार्बाने पत्रावर सही केली. सही तीन ओळी खाऊन गेली, पण झाली.

हे सगळं आज सांगायचं कारण. गणपतीच्या आठवड्यात व्हिसा खात्याचं उत्तर आलं. अर्ज मिळाला, आभार. मात्र सदर चित्रं अर्जदाराने केल्याचा स्वतंत्र पुरावा अठ्ठावीस दिवसांत सादर करावा. मालकाचा शब्द पुरेसा नाही.

आता पुरावा कुठून आणायचा? या कामात चित्रकार आपलं नाव घालत नाही. संताचं नाव घालतो, बस. हमरापुरातही कोणी गणपतीवर सही करत नाही. दोन्हीकडचा एकच नियम, आणि दोन्ही नियमांनी विश्राम बुडाला. त्याचं या देशात काही ओळखपत्र असेल तर ती पळी.

आम्ही गॅरेजमध्ये बसून जुन्या ऑर्डरींची वही उघडली. संत मेलबर्नभर गेलेत, दूर केलीव्हिलला गेलेत, डार्विनच्या एका नर्सकडे एक आहे. काही आपल्याही घरांत आहेत, कारण ग्रीक शेजारी, ग्रीक बॉस, ग्रीक पेशंट हे चित्र प्रेमाने देतात आणि आपण ते हॉलमध्ये लावून युरोपियन म्हणून मिरवतो. शैलाताईंचा फोटो पहिला आला, देव्हाऱ्यातल्या पळीसकट आणि डॉक्टरच्या शिक्क्यासकट. खाली सही एकट्या शैलाताईंची, हेमचंद्ररावांची नाही. सध्या फोटो चौदा आहेत. वकील म्हणतो, निदान तीस हवेत.

दिवस उरलेत अकरा.

विश्राम रोज गॅरेजला जातो. परवा बार्बाने त्याला विचारलं, चमचा आता बदलायचा का? विश्राम म्हणाला, "खातं सांगेल तेव्हा."

तेव्हा आता उठा. हॉलमध्ये जा. हातात पेटी आणि चमचा घेतलेला संत भिंतीवर असेल, तर चमच्याच्या टोकाला फणा आहे का बघा. असेल, तर चित्राचा पुढून एक आणि मागून एक फोटो काढा. चित्र कोणी, कधी दिलं ते दोन ओळींत लिहा, खाली पूर्ण नाव आणि सही करा, आणि फॉस्टर स्ट्रीटवरच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत आमच्या नावे पाठवा. शुभेच्छा पाठवू नका, त्या फाइलला लागत नाहीत. फोटो पाठवा, आजच.