आखणीचे डोळे

जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात शिरताच ओल्या प्लॅस्टरचा गार वास येतो आणि त्यामागून रंगाचा उग्र दर्प. फाल्गुनातल्या दुपारी दारातून आलेला उन्हाचा पट्टा अर्ध्या रंगलेल्या मूर्तींच्या पोटांवरून संथपणे सरकत असतो. असल्या सुंदर उजेडात लोक मोबाइलचा फ्लॅश मारतात, त्याची मला किळस येते. लग्नांतून फ्लॅश उडवत हिंडणाऱ्यांना तर मी फोटोग्राफरच मानत नाही. रोह्याच्या माझ्या स्टुडिओत धाटावच्या कंपन्यांच्या बाटल्या टिपता टिपता पांढऱ्या कापडातून गाळलेला प्रकाश काचेवर कसा पसरावा हे मी शिकलो, आणि तेवढ्यावर माझा तोरा होता.

यंदाही कारखानदारांनी मलाच बोलावलं. व्यापारी फोटो बघून मूर्ती पसंत करणार होता आणि त्यावरच आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचं काम, कुणाकडे राहायचं ते ठरणार होतं. नमुन्याच्या पाच मूर्ती सुनंदा नावाच्या चाळिशीतल्या बाईने रेखल्या होत्या. ती भिंतीशी बसून माझी खटपट बघत होती.

आधी मी मुद्दाम सरळ फ्लॅश मारला, तो किती भिकार दिसतो हे कारखानदारांना कळावं म्हणून. बुबुळांवर पांढरे ठिपके उमटले, गालांची गोलाई सपाट झाली. मग धुतलेलं धोतर ताणून त्याआडून फ्लॅश दिला, समोर थर्माकोल धरून सावल्या उजळल्या. सोंडेवरचा प्रकाश सायीसारखा मऊ झाला. पण डोळे? पाचही मूर्ती पेंगत होत्या. मी दिवा वर केला, बाजूला नेला, कापड दुहेरी केलं; झापड काही जाईना. एवढ्या नजाकतीच्या प्रकाशाला असले डोळे मिळावेत याचा मला संताप आला. "आखणीच कच्ची आहे," मी तिच्यादेखत म्हणालो.

ती उठली. "दादा, तुमी उभ्यानं फोटो काढताव. घरात गणपती चौरंगावर असतो, मानसं खाली बसून त्याच्याकडं बघतात. नजर मी तिथं ठेवलीय. खाली बसा ना."

मला तिनं शिकवावं? तरी तिला खोटं पाडायला म्हणून मी स्टँड बाजूला सारला आणि प्लॅस्टरच्या धुळीत पोटावर पडलो. धोतराआडचा फ्लॅशही जमिनीलगत घेतला. वर बघितलं, आणि मूर्ती माझ्याकडे बघत होती. पापण्या तशाच होत्या, पण त्यांच्याखालून आलेली ती शांत नजर थेट माझ्यापाशी पोचत होती. इतका वेळ मी तिच्या कपाळावरून पलीकडे बघत होतो.

कॅमेऱ्यावर फोटो बघून सुनंदा पहिल्यांदा हसली. "गेल्या साली कोन फोटो काढून गेला, मी तवा शेतावर व्हते. डोले झोपालू आले. त्यानंच शेठना सांगितलं म्हनं, हिचा हात गेला. सालभर नुसते मुकुट रंगवले मी. यंदा पाया पडून या पाच मागून घेतल्या."

ते वाक्य गेल्या वर्षी मीच फोनवर बोललो होतो. चहा पिता पिता, सहज, कारखानदारांनी कारण विचारलं म्हणून. ज्या बाईला बघितलंही नव्हतं, तिच्याबद्दल.

"दुसरी मूर्ती ठेवू?" तिनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. उठून तिच्या तोंडाकडे बघायचा धीर मला झाला नाही. मी तसाच जमिनीवर पडून राहिलो.